तीन महिन्यांची गोचीड-गोळी : उसातल्या कुत्र्याला पुरते का?

फ्लुरालानरची चघळायची गोळी, बाजारात ब्रॅव्हेक्टो नावाने मिळते ती. एकदा दिली की 12 आठवडे गोचिडी आणि पिसवा मरतात. कोल्हापूर भागात गोठ्यावर आणि उसाच्या रानात राखणीला असलेल्या कुत्र्यांसाठी आमच्या मते हीच सगळ्यांत सोयीची. रोज पावडर चोळणं रानात कोणाला जमतं? पण गोळी दिली म्हणून गोठ्याकडे पाठ फिरवली, तर गोचीडताप येऊ शकतो.

कुत्र्यावरची तपकिरी गोचीड गोचीडतापाचा एर्लिकिया कॅनिस नावाचा जिवाणू वाहते. गोळीचं औषध कुत्र्याच्या रक्तात असतं, त्यामुळे गोचीड चिकटून रक्त ओढेल तेव्हाच मरते, आणि त्याला साधारण 12 तास जातात. जिवाणू मात्र चिकटल्यापासून 3 तासांतही कुत्र्यात उतरू शकतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून अंगावर मेलेली गोचीड दिसली तर गोळी फसली असं नव्हे. ती बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. नखाने चिरडू नये: हीच गोचीड माणसाला ठिपक्यांचा ताप देणारा रिकेट्सिया हा जिवाणूही वाहते.

गोळी वजनावर ठरते: 4.5 ते 10 किलोला 250 मिलिग्रॅम, 10 ते 20 किलोला 500, 20 ते 40 किलोला 1000. कारवानी जातीचा कुत्रा अंगाने सडपातळ, म्हणून नजरेने वजन धरलं की हमखास चुकतं. 22 किलोच्या कारवान्याला 500 ची गोळी कमीच पडणार. काट्यावर तोलूनच घ्या. मोठी गोळी तोडून दोन कुत्र्यांत वाटू नये. जेवणासोबतच द्यावी, उपाशीपोटी औषध नीट शोषलं जात नाही. 8 आठवड्यांखालच्या किंवा 2 किलोपेक्षा हलक्या पिल्लाला नाही. फिट येणाऱ्या कुत्र्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

खरी लढाई भिंतीत आहे. रक्त पिऊन टच्च फुगलेली, राखाडी वाटाण्याएवढी मादी कुत्र्यावरून उतरते, जांभ्याच्या फटीत शिरते आणि हजारांनी अंडी घालते. एकाच फवारणीने अंडी मरत नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारा आणि फटी सिमेंटने लिंपा. फवारणीला डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक वापरत असाल तर मांजर लांब ठेवा, तिला ते विषारी आहे.

पाळलेल्या कुत्र्याला गोळी दिली तरी रानात एर्लिकियाचा साठा राहतोच. भटकी कुत्री आहेतच, शिवाय इस्राएलमध्ये सोनेरी कोल्ह्यांत या जिवाणूची प्रतिपिंडं (त्याच्याशी लढायला शरीर रक्तात बनवतं ती द्रव्यं) सापडली आहेत आणि इटलीत लाल कोल्ह्यांतही जिवाणू आढळला आहे. आपल्याकडे ऊस तुटला की फडातले कोल्हे बाहेर पडतात, बांधावर कुत्र्यांशी त्यांची गाठ पडते. राधानगरीच्या जंगलाला लागून ज्यांची रानं आहेत, त्यांनी तर एकही डोस चुकवू नये.

गोचीडताप झाला की कुत्रं जेवण सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, पोटावर लाल ठिपके उठतात, कधी नाकातून रक्त येतं. अशा वेळी प्लेटलेट मोजून घ्या. झटपट चाचणीची पट्टी प्रतिपिंडं पाहते: पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती निगेटिव्ह येऊ शकते, आणि बरं झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह राहते. उपचार म्हणजे डॉक्सिसायक्लिन, किलोला रोज 10 मिलिग्रॅम, 28 दिवस, डॉक्टरांच्या चिठ्ठीने. दोन दिवसांत कुत्रं खायला लागतं आणि घरचे गोळ्या थांबवतात. सगळ्यांत जास्त घात इथेच होतो. गोळी दुधात देऊ नका, पोळीत द्या आणि वर पाणी पाजा, नाहीतर अन्ननलिका भाजते.

गोचीड-गोळीच्या तारखेचं गणितही चुकतं. पाडव्याला गोळी दिली आणि पुढची आषाढीला असं धरलं, तर 12 आठवडे आधीच संपलेले असतात आणि ऐन पावसाच्या तोंडावर दोन आठवडे कुत्रं उघडं पडतं. पुढची तारीख गोळीच्या खोक्यावरच लिहून ठेवा.