पायकेव्हीएम: एआय एजंटच्या हाती दूरचा कीबोर्ड

पायकेव्हीएम म्हणजे दुसरा संगणक दुरून चालवू देणारं साधन. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारं हे साधन समोरच्या संगणकाला साधा यूएसबी कीबोर्ड म्हणूनच दिसतं. त्यामुळे विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोस सेटिंगमध्येही कळा चालतात, आणि विंडोज एरवी सॉफ्टवेअरकडून स्वीकारत नाही ते कंट्रोल-ऑल्ट-डिलीटसुद्धा बिनबोभाट जातं. एआय एजंटसाठी, म्हणजे स्वतःहून कामं करणाऱ्या प्रोग्रामसाठी, एपीआय (प्रोग्रामने सूचना पाठवण्याची सोय) आहे. अख्खा शॉर्टकट एकाच विनंतीत पाठवता येतो. तोच वापरा. कळ दाबणं आणि सोडणं वेगवेगळं पाठवलं आणि मध्येच एजंट अडकला, तर ऑल्ट दाबलेलाच राहतो आणि पुढची टॅबची कळ भलत्याच खिडकीत नेऊन सोडते.

खरी उणीव परवानग्यांची. पासवर्ड हाती आला की एजंटला सगळ्या कळा मोकळ्या, वर जोडलेलं असेल तर पॉवर बटणही. म्हणून मध्ये छोटी प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या गाळून पुढे पाठवणारा प्रोग्राम, हवीच: ठरलेलेच शॉर्टकट पुढे जाऊ द्या, ऑल्ट-एफ४ माणसाच्या होकारावर ठेवा. लिनक्स असेल तर ऑल्ट-सिसआरक्यू-बी कायमचं बंद. ते डिस्क सिंक न करताच, म्हणजे लिहायचा राहिलेला डेटा डिस्कवर न उतरवताच, मशीन रीबूट करतं. प्रत्येक शॉर्टकटआधी ताजा स्क्रीनशॉट तपासायला लावा, कारण फोकस (कळा ज्या खिडकीत जातात ती) हलला असेल तर कंट्रोल-डब्ल्यू नेमका नको तो टॅब बंद करतं. आणि मूळचा अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन पासवर्ड आधी बदला, हे खरं तर सांगायला नको.