ॲडजर्न की प्रोरोग?
दोन्हीला सरसकट 'अधिवेशन संपलं' म्हणतात लोक, पण फरक मोठाय. ॲडजर्न म्हणजे सभागृह तहकूब, ते अध्यक्ष करतात, गोंधळ झाला की अर्ध्या तासापुरतंही करतात. प्रोरोग म्हणजे अख्खं सत्रच संपवणं, आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम ८५ खाली राष्ट्रपती करतात, राज्यात राज्यपाल. ब्रिटनमध्ये २०१९ ला तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सननी ऐन ब्रेक्झिटच्या (युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्याच्या) धामधुमीत राणीला सल्ला देऊन पार्लमेंट पाच आठवडे प्रोरोग करायला लावलं आणि २४ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने ते बेकायदेशीर ठरवलं, बरोबरच केलं. तिकडे प्रोरोग झालं की अर्धवट बिलं सहसा बादच होतात, आपल्याकडे होत नाहीत, हे फार महत्त्वाचंय. ऑफिसच्या मीटिंगला मात्र ॲडजर्नच लिहा, प्रोरोग तिथे चालत नाही.