अल्सरसाठी अर्क तपासायचाय, इथेनॉल मॉडेल (अल्कोहोल पाजून रॅटच्या जठराला इजा करायची) घ्यायचं की पायलोरस (जठराचं आतड्याकडे उघडणारं तोंड) बांधायचं?
इथेनॉलचं काम सोपं, उपाशी रॅटला आधी अर्क पाजायचा, मग थोड्या वेळाने अल्कोहोल, आणि तासाभरात पोट उघडून इजेचे लाल पट्टे मोजायचे. पण यात अल्कोहोलने इजा थेट जठराच्या अस्तराला होते, ॲसिडमुळे नाही, त्यामुळे अर्क ॲसिड कमी करतो का हे कळतच नाही. ते बघायचं तर पायलोरस बांधा, म्हणजे शे (Shay) या संशोधकाची १९४५ ची पद्धत, त्यात जठररस साठतो मग तो किती, पीएच काय, ॲसिडिटी किती सगळं मोजता येतं. फक्त सर्जरीला हात बसलेला हवा, नाहीतर रक्त मिसळून रीडिंगची वाट! एकच जमणार असेल तर मी पायलोरसच घेईन, नुसत्या इथेनॉलवर ‘अल्सरवर चालतो’ म्हणणं जरा जास्तच होतं.