'डॉन' (1978): शब्द काढून घेतले तरी उभी राहणारी गाणी

हिंदीत गुन्हेगारीचे पिक्चर ढिगाने आले. पण विसर्जनाच्या मिरवणुकीत ज्याची गाणी लागली की म्हातारे, पोरं, मुंबईहून आलेले चाकरमानी, सगळेच रस्त्यात उतरतात, असा पिक्चर माझ्या लेखी एकच, 1978 चा 'डॉन'. मी गुहागर तालुक्यातला. बँजो पार्टीत बँजो वाजवतो, आता हाताखाली नवी पोरंही तयार करतो. त्यामुळे हे परीक्षण गाण्यांच्या बाजूने जास्त झुकलेलं असणार.

यंदा तालमीत 'मैं हूँ डॉन' बसवायला घेतलं, तर ढोलकीवरचा पोरगा विचारतो, "अण्णा, हे शाहरुखवालं ना?" 2006 चा तो पिक्चरही चांगला चालला, त्याबद्दल तक्रार नाही. पण मूळ गाणी कोणत्या प्रसंगात येतात ते माहीत नसेल तर वाजवताना जोर नेमका कुठे द्यायचा ते कळत नाही. म्हणून सगळ्या पोरांना बसवून जुना 'डॉन' दाखवला.

गोष्ट थोडक्यात अशी. गुन्हेगारांच्या टोळीचा म्होरक्या डॉन, म्हणजे अमिताभ, पोलिसांच्या पाठलागात मरतो. हे माहीत असतं एकट्या डीएसपी डिसिल्व्हाला, म्हणजे इफ्तेखारला. तो डॉनसारख्याच दिसणाऱ्या विजयला (तोही अमिताभच), एका साध्या भोळ्या गाणाऱ्या माणसाला, टोळीत घुसवतो. पुढे डिसिल्व्हाच मारला जातो आणि आपण डॉन नाही हे सांगणारा विजयला जगात कोणी उरत नाही. सलीम-जावेदने ही अडचण अशी बांधलीय की आज शेवट माहीत असूनही मी खुर्चीच्या कडेला येऊन बसतो. टोळीची गुपितं असलेली लाल डायरी कुणाच्या हातात आहे एवढ्यावर निम्मा पिक्चर धावतो.

पिक्चर निघाला त्यामागची हकीकतही मला फार भिडते. निर्माते नरिमन इराणी मूळचे कॅमेरामन. 'जिंदगी जिंदगी' पडला आणि ते कर्जात बुडाले. अमिताभ, झीनत अमान आणि मनोजकुमारांचे सहाय्यक चंद्रा बारोट यांनी त्यांना वर काढायचं म्हणून या पिक्चरला हात घातला. सलीम-जावेदची ही कथा तोवर बऱ्याच जणांनी नाकारलेली होती. आणि पिक्चर पडद्यावर यायच्या आधीच इराणी अपघातात गेले. बारोट यांचं दिग्दर्शक म्हणून एवढं एकच नाव लोकांच्या तोंडी राहिलं. 2025 च्या जुलैत तेही गेले.

आता गाणी. बँजोवर गायक नसतो. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या आणि टेम्पोवरच्या भोंग्यातून नुसते सूर आणि ताल बाहेर पडतात. या कसोटीला भली भली गाणी टिकत नाहीत, कारण त्यांचा जीव शब्दांत असतो. कल्याणजी-आनंदजींची 'डॉन'मधली गाणी टिकतात. यातले कल्याणजी 1954 च्या 'नागिन'मध्ये क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या पेटीवर पुंगी वाजवणारे. सगळ्या देशाने ती पुंगी खरी मानली. नुसत्या वाद्याने माणसाला जागेवर कसं धरून ठेवायचं हे ते संगीतकार होण्याआधीपासून जाणत होते.

'ये मेरा दिल' मी पोरांना आधी आवाज बंद करून दाखवलं. कामिनीच्या, म्हणजे हेलनच्या माणसाला डॉनने मारलंय. पोलीस येईपर्यंत तिला डॉनला खोलीत अडकवून ठेवायचंय. तो निघायला बघतो, ती वाट अडवते, हसते, गिरक्या घेते. आवाज नसताना ती किती घाबरलेली आहे ते लख्ख दिसतं. मग आवाज चालू केला. ब्रास, गिटार आणि खाली धावणारे बोंगो. आशाबाईंचा आवाज लाडिक आहे आणि ताल मात्र क्षणभर दम घेत नाही, जणू एकेक मिनिट मोजतोय. पोरं गप्प झाली. ढोलकीवाला म्हणाला, "म्हणजे हे नाचायचं गाणं नाहीच." नाचायचं आहेच रे, पण ती नाचतेय जिवावर उदार होऊन. या गाण्यासाठी आशाबाईंना फिल्मफेअर मिळालं. पुढे 2005 मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक आइड पीजने याच गाण्याचे तुकडे आपल्या गाण्यात घेतले आणि त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. इंदीवरांच्या शब्दांचा अर्थ तिकडे कुणाला कळला असेल? सुरांनीच काम केलं.

'खइके पान बनारसवाला' मूळ पिक्चरमध्ये नव्हतंच. मध्यंतरानंतर पिक्चर फार ताणतो, प्रेक्षकाला मोकळा श्वास द्या, असं मनोजकुमारांनी सुचवलं आणि ते मागाहून घातलं. गीतकार अंजान स्वतः बनारसचे, तेव्हा त्या बोलीचा गोडवा उसना वाटत नाही. किशोरकुमार पान चघळत गायले असं सांगतात, आणि ऐकताना ते पटतंही. त्यांनाही यासाठी फिल्मफेअर मिळालं, अमिताभला अभिनयासाठी.

रस्त्यावर हे गाणं वाजवायची आमची एक रीत आहे. सुरुवातीचा संथ भाग आला की टेम्पो थांबवायचा. ढोलकी, ताशा, सगळं बंद. एकट्या बँजोवर ती ओळ सावकाश, लांबवत घ्यायची. नाचणारे हात वर करून जागच्या जागी थांबतात. त्यांना ठाऊक असतं पुढे काय येणार, आणि मी मुद्दाम आणखी थोडं लांबवतो. मग मुखड्यावर ढोलकी पडते आणि सगळा रस्ता उसळतो. मुखड्याच्या ओळी छोट्या, मध्ये जागा सोडलेल्या. त्या जागा ढोलकीवाल्याच्या मालकीच्या. जाखडी, म्हणजे आमच्या कोकणातला नाच, करणाऱ्यांनाही हे केव्हाच उमगलंय. गौरी-गणपतीत घरोघर नाच फिरतो तेव्हा या चालीवर गणपतीचे बोल बांधलेले मी लहानपणापासून ऐकतोय, आणि चाळ बांधलेल्या पायांना ती चाल अगदी फिट बसते.

'ई है बंबई नगरिया' आमच्याकडे वेगळंच लागतं. ज्या घरातलं कोणी मुंबईला नाही असं घर शोधावं लागेल. गाणारा परप्रांतातला असला तरी शहराला नवखेपणाने न्याहाळण्याची त्याची नजर आमचीच. 'जिसका मुझे था इंतज़ार' हे लता-किशोरचं युगुलगीत. वरून प्रेमाचं, आतून रोमाचा, म्हणजे झीनतचा, डॉनवरचा सूड. बँजोवर ते पडतं, कारण ती दुहेरी धार शब्दांतच आहे. आम्ही ते वाजवत नाही. आणि 'मैं हूँ डॉन' गाणारा डॉन नव्हेच, तो विजय. मला ओळखा, असं तो ज्यांच्यासमोर गातो त्यांनी खरंच ओळखलं तर त्याचा जीव जाईल. हे कळल्यावर आमच्या पोरांनी सुरुवातीचे सूर वाजवायची ढबच बदलली, आता ते सूर छाती काढून येतात.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. शेवटची मारामारी लांबते, डायरीची फेकाफेक जरा अति होते. प्राणचा मुलांना घेऊन दोरावरून चालण्याचा प्रसंग मात्र मी कापू देणार नाही, त्या माणसाच्या डोळ्यांतली काळजी बघा. झीनतच्या रोमाला मारामारी आणि सूड दोन्ही दिलंय, पण शेवटी शेवटी ती नुसती सोबतीला उरते, हे वाईट वाटतं.

बघायचा तर मोबाईलच्या आवाजावर बघू नका. ऑनलाइन फिरणाऱ्या काही प्रतींमध्ये ब्रास चिरका आणि खालचा ताल गायब असतो. तेवढ्यावर या संगीताची किंमत ठरवणं अन्याय होईल. चांगली प्रत मिळवा, घरात स्पीकर असेल तर जोडा, नसेल तर हेडफोन लावा. बँजो शिकणाऱ्यांनी सुरुवात 'खइके पान'पासून करावी. 'ये मेरा दिल'ला हात लावण्याआधी बोटं मोकळी व्हायला हवीत, आणि बोंगोवाला भरवशाचा हवा.