त्याच्याकडे मला बरं वाटायचं

मागच्या पावसाळ्यात गोव्यातल्याच साखळी गावच्या एका बाईंचा फोन आला. त्यांनी माझा व्हिडिओ पाहिला होता. संमोहन करणाऱ्या एका माणसाकडे सहा सेशनमध्ये माझा ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी त्याच त्या कृती करायला लावणारा आजार, निम्म्यावर आला, असं मी त्यात हसत हसत सांगत होते. तो पाहून त्यांनी आपल्या मुलासाठी त्याच माणसाकडे ३०,००० रुपये भरले होते, आणि आता मुलगा खोलीबाहेर यायलाही तयार नव्हता. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला खरंच बरं वाटलं होतं का हो?"

खरंच वाटलं होतं, आणि तेच सविस्तर सांगायला हवं.

मी सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. वय ३९. माझा ओसीडी कितीतरी वर्षं सोवळ्यात खपून गेला. आमच्याकडे देवाचं सगळं कडक, त्यामुळे सून हात फार धुते हे कौतुकाचंच होतं. एका चतुर्थीला माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीला, बांधायची फळं मी पुन्हा पुन्हा धूत राहिले. दुपारचे दोन वाजले, नारळ तसाच टांगायचा राहिला, आणि तेव्हा सासूबाई पहिल्यांदा गप्प झाल्या.

पण हात धुणं हा वरवरचा भाग. आतलं मी कुणाला सांगितलंच नव्हतं. विळीवर भाजी चिरत असताना मुलगी जवळ येऊन बसली की मनात यायचं, माझ्याच हातून हिला काही झालं तर? असा विचार येतो म्हणजे मी तशीच असणार, या भीतीने मी सुऱ्या वरच्या फळीवर ठेवायला लागले. रात्री दोन-दोनदा उठून ती श्वास घेते की नाही ते बघायचे. आईने देवाला कौल लावला, प्रसाद उजवा झाला. मला रडू आलं इतकं हलकं वाटलं, आणि दिवेलागणीपर्यंत ते ओझं परत छातीवर.

त्या माणसाचं ऑफिस पणजीत. नावाआधी डॉक्टर, भिंतीवर चौकटीतली पाच-सहा प्रमाणपत्रं, आणि जुन्या सचिवालयाजवळच्या आबे फारियांच्या पुतळ्याचा मोठा फोटो. संमोहन हे आपल्या गोव्याच्या मातीतलं शास्त्र आहे, असं तो म्हणाला. हे फारिया कांदोळीला १७५६ साली जन्मले आणि पॅरिसमध्ये नावारूपाला आले. संमोहन करणाऱ्याच्या अंगात कसलीही शक्ती नसते, जे घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात घडतं, हेच त्यांनी तिथे मांडलं होतं. हे मी नंतर वाचलं. तो मात्र स्वतःच्या 'ऊर्जेने' माझा मेंदू 'रिसेट' करणार होता.

आधी डोक्याला तारा लावून 'ब्रेन मॅपिंग', ६,५०० रुपये. लाल-निळ्या रंगांतला मेंदूचा आलेख, आणि लाल भागाकडे बोट दाखवून, "हा तुमचा ओसीडी." मग २१ सेशनचं पॅकेज, ६३,००० रुपये, सगळे आगाऊ. गोळ्यांच्या नादी लागू नका, सवय लागते, हेही त्याच दिवशी सांगून झालं. मी त्याला ते मुलीबद्दलचे विचार सांगितले. माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच बाहेर पडत होते. तो दचकला नाही. लेटरहेड ओढून त्याने लिहून दिलं, "तुमच्या हातून मुलीला कधीही इजा होणार नाही." खाली सही, शिक्का.

तो कागद मी पर्समध्ये ठेवला. वाळपईला परत येताना कदंब बसमध्ये तीनदा काढून वाचला. त्या रात्री कितीतरी महिन्यांनी सलग झोपले. शिवाय, कधीही भीती वाटली तर मेसेज करा, अशी मुभा होती. रात्री अकरा वाजताही त्याचा व्हॉइस मेसेज यायचा, "काही होणार नाही, मी आहे ना." सहाव्या सेशननंतर त्याने मोबाइल समोर धरला आणि मी तो व्हिडिओ दिला. त्या दिवशी बोललेला शब्द न् शब्द मला खरा वाटत होता.

तिसऱ्या महिन्यात मी तो कागद दिवसाला ३०-४० वेळा काढत होते. तास चालू असताना फळ्याकडे तोंड करून वाचायचे. कागद घडीवर फाटला तर आतला शब्दही फाटेल असं वाटून मी त्याला प्लास्टिक लावून आणलं. त्याचं उत्तर यायला दहा मिनिटं लागली तरी हात थरथरायचे. नवरा विचारायचा, "परत कितें जालें गो?" यावर त्या माणसाचं म्हणणं असं की रोग मुळापासून बाहेर पडतोय, अजून दहा सेशन लागतील.

ओसीडी असलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांनी पुढचं वाचावं. या आजारात नको तो विचार येतो, त्याने जीव घाबरा होतो, आणि ती घबराट शमवायला माणूस काहीतरी करतो. हात धुतो, गॅसचं बटण बघतो, देवाला विचारतो, नवऱ्याला विचारतो. शमली की मेंदू शिकतो की वाचलो ते केल्यामुळेच, आणि पुढच्या वेळी तो अधिक मागतो. 'काही होणार नाही' असं पुन्हा पुन्हा ऐकणं हीसुद्धा त्यातलीच एक कृती. तो माणूस मला पैसे घेऊन माझा आजारच पुरवत होता, आणि मी त्याला दुवा देत होते.

त्याचं भांडं फुटलं ते माझ्या धाकट्या दिरामुळे. तो २८ वर्षांचा, वेर्ण्याला कारखान्यात नोकरी. किल्ल्या हरवणं, कामाची तारीख चुकणं, बोलता बोलता दुसरीकडेच जाणं हे लहानपणापासूनचं. मीच त्याला त्या माणसाकडे नेलं. त्याचंही ६,५०० चं मॅपिंग झालं आणि निकाल आला, 'एडीएचडी (म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं) ७० टक्के, ऑटिझम २० टक्के'. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "वहिनी, वीस टक्के ऑटिझम म्हणजे काय असतं?" मला उत्तर देता आलं नाही, कारण अशी टक्केवारी नसतेच. नुसत्या मेंदूच्या आलेखावरून ओसीडी, एडीएचडी किंवा ऑटिझम यातल्या कशाचंही निदान होत नाही. मोठ्या माणसात एडीएचडी आहे का हे ठरवताना तज्ज्ञ तासभर बोलतात, वयाच्या १२ वर्षांआधी लक्षणं होती का ते शोधतात, आईला विचारतात. पुढे दिराचं निदान झालं तेव्हा सासूबाईंनी ट्रंकेतून काढलेली शाळेची प्रगतिपुस्तकं कामी आली. एडीएचडी निघाला, ऑटिझम नाही. आणि निघाला असता तरी तो 'घालवून देतो' म्हणणाऱ्यापासून लांबच राहायचं होतं. ऑटिझम घालवणारं औषध नाही. सोबतची चिंता, झोप, बोलण्या-वागण्यातल्या अडचणी यांवर मदत मात्र मिळते.

दिरानेच त्या माणसाला नोंदणी क्रमांक विचारला. उत्तर आलं, "माझी मान्यता आंतरराष्ट्रीय आहे." मग आम्ही पावत्या काढून बसलो. प्रत्येकीवर 'वेलनेस सेवा' लिहिलेलं. पहिल्या दिवशी सही केलेल्या फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात होतं, ही वैद्यकीय किंवा मानसोपचार सेवा नाही. पैसे परत मिळणार नाहीत, हेही तिथेच.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते, आणि ती यादी ऑनलाइन कुणालाही बघता येते. १९९२ च्या कायद्यात नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड आहे. हा माणूस स्वतःला कुठेही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत नव्हता. माइंड कोच, हिप्नोथेरपिस्ट, हीलर. असं म्हणवून घेणाऱ्याला नोंदणी कुणी विचारत नाही. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस, मग मनोविकारशास्त्रातलं पुढचं शिक्षण; त्यांची नोंद मेडिकल कौन्सिलकडे. गोळ्या लिहून द्यायच्या त्यांनी, आणि त्या बंद करायला सांगायच्या त्याही त्यांनीच.

इथे एक गोष्ट न सांगणं अन्यायाचं होईल. पदवी नसलेला प्रत्येक समुपदेशक लबाड नसतो. आपल्याच पर्वरीच्या 'संगत' या १९९६ पासून चालणाऱ्या संस्थेने साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्यावर मदत करता येते हे गोव्यातच दाखवलं आणि त्याची दखल जगाने घेतली. पण ती माणसं ठरावीक पद्धतीने काम करतात आणि त्यांच्यावर तज्ज्ञांची देखरेख असते. माझ्या बाबतीत त्या माणसाच्या वर कुणीच नव्हतं.

शेवटी मी बांबोळीला, आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात गेले. जायला लाज वाटत होती, कारण लहानपणापासून 'बांबोळीला न्यायला हवं' ही आमच्याकडे शिवी. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि स्पष्ट सांगितलं की ओसीडीत त्यांचा गुण यायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात. सायकॉलॉजिस्टबाईंनी दहा प्रश्नांची मोजपट्टी घेतली. ४० पैकी माझे २७ आले, म्हणजे तीव्र. मग मी त्यांना नेहमीचं विचारलं, माझ्या हातून काही होणार नाही ना?

त्या म्हणाल्या, "याचं उत्तर मी तुम्हाला देणार नाही."

मला इतका राग आला की पुढच्या आठवड्यात जाऊ नये असं वाटलं. या उपचाराला ईआरपी म्हणतात. ज्याची भीती तेच थोडं थोडं समोर आणायचं, आणि शमवणारी कृती करायची नाही. सुऱ्या खालच्या फळीवर आल्या. मग विळीवर कांदा, मुलगी शेजारी पाटावर, आणि कुणाला काही विचारायचं नाही. पहिल्या दिवशी घामाने ब्लाउज भिजला. भीती गेली नाही, पण मी उठले नाही, कांदा चिरून झाला, मुलगी आपला गृहपाठ करत होती. पाच महिन्यांनी त्या मोजपट्टीवर माझे १३ आले. त्या माणसाकडे अशा मोजपट्टीचं नावही निघालं नव्हतं. 'कसं वाटतंय?' एवढंच तो विचारायचा, आणि मला तर छानच वाटायचं.

जे आत्ता अशा कुणाच्या पॅकेजमध्ये अडकले आहेत त्यांनी पावत्या, चॅट, फॉर्म काहीही पुसू नये. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. रात्री फारच जड झालं आणि बोलायला कुणी नसलं तर १४४१६, टेली मानस, सरकारी आणि मोफत. साखळीच्या बाईंच्या मुलाने पहिला फोन तिथेच केला.

माझा व्हिडिओ वकिलांच्या नोटिशीनंतर उतरला. ७६,००० रुपयांची तक्रार चालू आहे. प्लास्टिक लावलेला तो कागद पुरावा म्हणून वकिलांकडे दिला. झेरॉक्स काढून ठेवा, असं ते दोनदा म्हणाले. मी काढली नाही.