लूप मारायचा की त्याच रस्त्याने परत? एकट्याच्या डोंगर राईडसाठी

थंडी सरून वरचे रस्ते मोकळे व्हायला लागले की एकट्याने दिवसभर बाइक काढणाऱ्याला हा प्रश्न पडतोच, एक घाट चढून दुसऱ्याने उतरत गोल फिरून यायचं की जमेल तिथवर जाऊन आल्या रस्त्याने मागे वळायचं. मी दोन्ही भरपूर केलंय. जॅकेट, ग्लोव्हज, टायरमधली हवा वगैरे तुम्हाला माहितीच आहे, त्यात शिरत नाही.

लूपची मजा खरी आहे, ते आधीच कबूल. दिवसभरात एकही वळण रिपीट होत नाही, उन्हाच्या अंगाला कोवळं गवत आणि फुललेली झाडं, आणि खिंड ओलांडली की पलीकडच्या सावलीत अजून हिवाळाच बसलेला, असा बदल तासाभरात बघायला मिळतो. नकाशावर ती रेघ फिरून स्वतःलाच येऊन मिळते तेही बघायला भारी वाटतं.

त्याच रस्त्याने परत म्हटलं की लोक नाक मुरडतात, बघितलेलंच काय परत बघायचं. आता हे मला तरी फारसं पटलेलं नाही. सकाळी काळीठिक्कर दिसणारी बाजू दुपारनंतर उजळलेली असते, जाताना तुम्ही डोंगराला चिकटून जात असाल तर येताना दरीकडच्या लेनमध्ये असता, चढताना नजर कड्यावर आणि उतरताना अख्खी दरी समोर. वर वळणांवर हिवाळ्यातली खडी, वाळू कुठे साठलीय ते जातानाच कळलेलं असतं. फक्त ओळखीचा रस्ता म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण बर्फ वितळून येणारं पाणी दुपारनंतर वाढतं आणि सकाळी कोरडं असलेलं वळण येताना ओलं सापडू शकतं.

थंडीचा हिशोब मात्र लूपच्या विरोधात जातो असं माझं मत. दर 1000 मीटरला साधारण साडेसहा डिग्री उतरतात, म्हणजे खाली 12 असेल तर 1500 मीटर वर दोनच्या आसपास, आणि त्यात 60 च्या स्पीडचा वारा धरला तर उघड्या कातडीला ते उणे 6 सारखं लागतं. त्याच रस्त्याने परत येणारा हे माथ्यावर भर दुपारी भोगून खाली येतो. लूपवाल्याची दुसरी खिंड बहुतेक वेळा संध्याकाळकडे येते, तेव्हा ऊन गेलेलं, रस्त्यावर आलेलं पाणी परत गोठायच्या बेतात आणि हात दमलेले.

पण खरं सांगायचं तर माझं मत यातल्या कशानेच फिरलं नाही. लूपमध्ये अर्ध्याच्या पुढे गेलं की डोक्यात जी आकडेमोड सुरू होते ना, तिने. आता मागे फिरलं तरी तेवढंच अंतर आणि पुढे गेलं तरी तेवढंच, पुढची खिंड उघडी आहे असं कळलंय पण मध्येच दरड आली असेल तर अख्खा दिवस उलटा चालवायचा, पेट्रोल पुरेल ना, अंधार कधी पडतो, आणि हे सगळं हेल्मेटच्या आत एकट्याशीच, कारण सोबत कोणी नाही जो म्हणेल की अरे सोड, थांबू दहा मिनिटं. छान ओढा दिसतो, ब्रेककडे बोटं जातात, तेवढ्यात नजर घड्याळाकडे जाते आणि बोटं परत थ्रॉटलवर. ज्यासाठी निघालो तेच टळत राहतं. डोंगर बघायला आलोय की वेळापत्रक पाळायला, असं व्हायला लागलं होतं माझं.

उलट पर्यायात मी फक्त मागे फिरायची वेळ ठरवतो, जागा नाही. ती वेळ होईपर्यंत कितीही थांबा, काही बिघडत नाही, लवकर दमलात तर लवकर वळा. वळायच्या क्षणी जीव खालीवर होतो हे आहेच, पुढच्या वळणामागे काय असेल ही खाज जात नाही. आणि डोंगर सुरू व्हायच्या आधीचा सपाट सरळसोट पट्टा दोनदा करावा लागतो, तो येताना जाम कंटाळवाणा होतो, त्याला काही इलाज नाही.

दिवस मोठा असेल, दुसरी खिंड कमी उंचीची किंवा आधी केलेली असेल तर लूप जरूर करा, फक्त उंच खिंड सकाळच्या बाजूला घ्या, पण रात्रीचं गोठलेलं सुटेपर्यंत वर पोचू नका. जास्त उंचीवर तर मुळात प्रश्नच येत नाही, इटलीच्या आल्प्समधली 2757 मीटरवरची स्टेल्व्हिओ खिंड साधारण मे संपता संपता किंवा जूनमध्ये उघडते, त्याआधी त्या रस्त्याने जायचं तर मागे वळणं आलंच.

आणि माझ्यासारखं त्याच रस्त्याने परत यायचं ठरवलंत तर जमल्यास सकाळी पश्चिमेकडे निघा. जाताना ऊन पाठीवर, संध्याकाळी येतानाही पाठीवरच, नाहीतर दोन्ही वेळा सूर्य व्हायझरमध्ये घुसतो आणि वळणावरची खडी दिसत नाही.