रबरी टोकाचा की आट्यांचा? जुन्या गाडीसाठी कॉम्प्रेशन गेज घेताना

पुण्यात नाना पेठेत कॉम्प्रेशन गेज, म्हणजे इंजिनाच्या सिलेंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणारा मीटर, मागितला की दोन प्रकार समोर येतात. एक रबरी टोकाचा, स्पार्क प्लगच्या भोकावर हाताने दाबून धरायचा. दुसरा लवचीक नळीचा, प्लगसारखा आट्यांत फिरवून बसवायचा. माझ्या १९९८च्या मारुती ८००साठी मी आधी पहिला घेतला, दोन वर्षं वापरला. आता दुसरा वापरतो.

रबरी टोकाचं काम झटपट होतं, हे मान्य करायलाच हवं. तीन सिलेंडर पाच मिनिटांत उरकतात. प्लगचे आटे १२ मिलिमीटरचे असोत की १४, टोक तेच चालतं. घरात दोन-तीन वेगवेगळ्या जुन्या गाड्या असतील तर अडॅप्टर सांभाळत बसण्यापेक्षा हे बरं. सेल्फ मारायला दुसरं माणूस लागतं, पण माझा मुलगा ते हौसेने करायचा.

मला नडलं ते वेगळंच. कात्रजचा घाट चढताना गाडी धापा टाकू लागली म्हणून तपासलं, तर १६०, १५५ आणि तिसऱ्याला १२० पीएसआय. तिसरा पुन्हा मोजला, १३५. पुन्हा, १२५. अशा वेळी त्या सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजतात. आकडा चांगला चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. फारसा हलला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या (हेडखालच्या) पॅकिंगमध्ये. पण नेमकं तेव्हाच भोकातून तेल उडतं, रबर निसरडं होतं, टोक सरकतं आणि बाजूने हवा निसटते. ज्या मोजणीवर सगळं निदान अवलंबून, तिथेच हात स्थिर राहत नाही. मला ११० मिळाले. गॅरेजमध्ये तो आकडा सांगितला, तर हेड काढावं लागेल असं उत्तर आलं.

मग एका मित्राचा आट्यांचा गेज आणला. तीच गाडी, इंजिन तसंच गरम: १६०, १५८, १४२. तेल टाकून १४४. म्हणजे रिंगा ठीक होत्या. रात्रभर इंजिन गार होऊ दिलं आणि सकाळी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट, तपासले, तर तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट जवळपास संपलेली; म्हणून गरम झाल्यावर तो नीट बंद होत नव्हता. गाडी काही वर्षं एलपीजीवर चालली होती, त्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजून फट कमी होत जाते. फट लावल्यावर १५५ आले. हेडला हात लावावा लागला नाही.

आट्यांच्या गेजलाही जपावं लागतं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, नळी तिरपी घुसली तर आटे गेलेच. म्हणून पाना न लावता बोटांनीच फिरवायचा. ओ-रिंग वाळली की तोही गळतो. घेताना हवा अडवणारा छोटा व्हॉल्व्ह नळीच्या इंजिनकडच्या टोकाला आहे ना, ते बघा. तो गेजकडे असेल तर नळीतली जागाही सिलेंडरमध्ये धरली जाते आणि आकडा कमी दिसतो. तो बिघडला तर टायरचा साधा पिन बसवू नका, त्याची स्प्रिंग कडक असते.

बाकी तयारी दोन्हींना सारखीच: सगळे प्लग काढलेले, बॅटरी भरलेली, कॉइलची वायर सोडलेली, अ‍ॅक्सिलरेटर तळाला, आणि काटा थांबेपर्यंत सेल्फ. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे हवा विरळ, त्यामुळे मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा पाच-सहा टक्के कमी आले तरी घाबरू नये. मी सिलेंडरांमधला आपसातला फरक बघतो. दहा टक्क्यांपर्यंत असेल तर गाडी चालवत राहतो. शेजारशेजारचे दोन एकदम पडले असतील तर संशय हेड गॅस्केटवर.

तुमची गरज वेगळी असू शकेल, पण एकच गाडी असेल आणि ती ठेवायची असेल, तर मी आट्यांचाच घ्या म्हणेन. रबरी टोकाचा मी टाकलेला नाही. कुणासोबत जुनी गाडी बघायला जाताना तोच नेतो, कारण विकणाऱ्याकडे फार वेळ नसतो. त्यावर आकडा चांगला आला तर मानतो. कमी आला तर मात्र आट्यांच्या गेजने परत मोजल्याशिवाय काही बोलत नाही.